डांबर लागलं की

संजूचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. बहिणीची आठवण त्याला काम अडलं की येते, त्यामुळे नाव बघूनच मी विचारलं, "काय अडलं?"

"ताई, जीप निघून नाही राहिली," तो म्हणाला. "टोचनवाला आत यायले तयार नाही. चिखल हाये. म्हणते, डांबरापर्यंत आणून द्या, मंग मी उचलतो. अन् माझं तं तुले माहीतच हाये, मले चिखलात जमत नाही."

संजू माझा धाकटा भाऊ. उमरेड रोडला बाबांनी घेतलेला जमिनीचा तुकडा त्याने लेआउटवाल्याला विकला. त्यावर मी काही बोलले नाही, कारण मला कोणी विचारलं नव्हतं. त्या तुकड्यावर टिनाच्या शेडखाली बाबांची जीप उभी होती, ती आता एका नव्या हॉटेलवाल्याने मागितली होती. तो ती दारात उभी करणार, इंजिन काढून टाकणार, बॉनेटमध्ये माती भरून झेंडू लावणार. लोक तिच्यासमोर उभे राहून फोटो काढतील. हे सगळं संजूने एका दमात सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "तुलेच जमते ते. ये ना."

तुलेच जमते ते. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकते आहे आणि ते ऐकून दर वेळी हुरळून गेले आहे. या वेळीही गेले. हिंगण्याहून उमरेड रोड म्हणजे नागपूरच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, वाटेत बस बदलून. निघताना कपाटाच्या तळातून एक जुनं फडकं काढलं आणि पिशवीत टाकलं.

शेडचा पत्रा बाजूला केला आणि वासच आधी समोर आला. गंज, ओलं तरट, उंदरांनी केलेली घाण आणि या सगळ्याच्या खाली, अजून जिवंत, डिझेलचा वास. डिझेलचा वास आला की मला भाताच्या पेजेचा वास येतो. लोकांना याचं हसू येईल, पण आमच्या घरात हे दोन वास एकाच खड्ड्यातून यायचे.

आम्ही विणकरांचे. इतवारीच्या मागच्या अंगाला आमची गल्ली, आणि गल्लीत घरोघरी हातमाग. बाहेरच्या खोलीत जमिनीत खड्डा, त्या खड्ड्यात पाय सोडून बाबा बसायचे आणि पायांखालच्या पावड्या दाबायचे, एक खाली की दुसरी वर. हाताने धोटा इकडून तिकडे. आई अंगणात सुताला पेजेची खळ लावून ते वाळत घालायची, त्याचा आंबूस वास गल्लीला कायम असायचा. पाहुणे नाक मुरडायचे. आम्हाला तो वास नसला की चुकल्यासारखं व्हायचं. एका घरातला माग थांबला की शेजारचा माणूस खिडकीतून विचारायचा, "काहून गा, बरं नाही का?" आवाज बंद होणं म्हणजे आजारपण, एवढाच आमचा हिशेब.

मग माग थांबले. का थांबले ते मी सांगत बसत नाही, सगळ्यांना माहीत आहे. आधी एका घरातला, मग त्याच्या बाजूच्या घरातला, आणि पुढे पुढे खिडकीतून विचारणारंही कोणी उरलं नाही. एके दिवशी बाबा लिलावातली जीप घेऊन आले. म्हणजे चालवत दुसऱ्याच कोणी आणली होती, बाबा बाजूला नवरदेवासारखे बसले होते. शेवाळी रंगाची, कॅनव्हासच्या टपाची, पाठीवर जादा चाक बांधलेली जीप. गल्लीतली पोरं मागे धावत आली होती आणि आई दारात उभी राहून म्हणाली, "हे ठेवान कोठी?"

गाडी गल्लीच्या तोंडाशी राहिली आणि तिचं डिझेल मागाच्या खड्ड्यात आलं. ज्या खड्ड्यात बाबांच्या बापाचे आणि आजाचे पाय हलले, तिथे डिझेलची कॅन, तेलाचा डबा, जॅक आणि पाने. वर लाकडी फळी टाकली. त्या फळीखालून पेज आणि डिझेल मिळून जो वास यायचा, तो माझ्या शाळेच्या दप्तराला लागायचा. वर्गातल्या पोरी माझ्या बाजूला बसायच्या नाहीत. मला तेव्हा त्याचं वाईट वाटायचं. आज तो वास मिळणार असेल तर मी त्यासाठी कुठेही जाईन, आणि आलेच की.

बाबांचं गाडी शिकणं हा गल्लीचा तमाशा झाला. आयुष्य पावड्यांवर गेलेलं, त्यामुळे पाय ऐकायचे नाहीत. डावा दाबला की उजवा आपोआप सुटायचा, उजवा दाबला की डावा. क्लच, ब्रेक, क्लच, ब्रेक. जीप बेडकासारख्या उड्या मारत गल्लीच्या तोंडाशी जायची आणि तिथे बंद पडायची. ओट्यावर बसलेले म्हातारे म्हणायचे, "गाडी चालवून राहिला का इनून राहिला गा?" बाबा हसायचे नाहीत. उतरायचे, जीपभोवती एक फेरी मारायचे आणि पुन्हा बसायचे.

ती फेरी पुढे नेमाची झाली. सुरू करायच्या आधी चारही चाकं पाहायची, वाकून खाली तेल टपकलेलं नाही ना ते पाहायचं, बॉनेटवर थाप मारायची, कारण हिवाळ्यात मांजर ऊब शोधत इंजिनावर जाऊन निजायचं. मग आत बसून गिअरचा मोठा दांडा हलवून पाहायचा, कुठे अडकलेला तर नाही. हँडब्रेक ओढलेला. क्लच पार खाली. किल्ली अर्धी फिरवली की आतली तार तापू लागायची आणि समोरचा लाल दिवा मंद पेटायचा. तेवढा वेळ धीर धरायचा. मग एक बारीकसा हॉर्न, आजूबाजूच्यांना कळावं म्हणून, आणि मग किल्ली पूर्ण. "झोपलेल्या माणसाले कोनी गदगदा हलवते का?" बाबा म्हणायचे. "आधी हाक मारा लागते." जीप खोकायची, धूर सोडायची आणि मग तिचा आवाज लागायचा. गल्लीत माग थांबल्यावर जी शांतता झाली होती, ती सकाळपुरती तरी भरून निघायची.

डिझेल भरण्याचंही असंच. पंपावर शिरायच्या आधी बाबा गाडी थांबवून विड्यांचं बंडल आणि आगपेटी आईच्या हातात द्यायचे. आई ती पदराच्या टोकाला बांधून दूर कडुलिंबाखाली जाऊन उभी राहायची. मग गाडी आत, इंजिन बंद, सगळे खाली. पाहुण्यांना उतरवताना बाबांना भीड पडायची नाही. एकदा आमच्या आत्याचे सासरे उन्हात उतरायला कुरकुरले, तर बाबा म्हणाले, "मामाजी, पेटली तं मंग सोबतच उतरू." घरी कॅनमधून भरायचं तेव्हा नरसाळ्यावर फडकं धरायचं काम माझं. ते फडकं म्हणजे बाबांच्या मागावरचं शेवटचं कापड. लुगडं अर्ध्यावर असताना माग थांबला होता, ते तिथेच कापून काढलेलं. बारीक सुताचं, एका अंगाला लाल काठ. "यातून कचरा गेला तं मी इनकर कायचा," असं बाबा प्रत्येक वेळी म्हणायचे आणि प्रत्येक वेळी डिझेल संपल्यावर फडकं उजेडात धरून अडकलेले कण मला दाखवायचे. एवढ्या अभिमानाने त्यांनी विकलेली लुगडीही कधी दाखवली नसतील.

जीपचं काम इतवारीतल्या व्यापाऱ्यांचं सूत उमरेड-भिवापूरकडच्या खेड्यांत पोचवायचं आणि तिथल्या विणकरांकडून तयार लुगडी परत आणायची. शाळा संपल्यावर मला घरीच बसवलं होतं. सुताचे गठ्ठे उतरवून द्यायला बाबांना सोबत लागायची, म्हणून मी. संजू सुटीच्या दिवशी. मोठ्या रस्त्यावरून उतरलं की पुढे पांधण, म्हणजे दोन शेतांमधली मातीची वाट, आणि माती कशी, तर काळी. पावसाळ्यात ती चाक धरते, चप्पल धरते, मोकळ्या बैलाचा पायही धरते. तिथे नुसती मागची चाकं पुरत नाहीत. पुढच्यांनाही जोर लावावा लागतो.

तो जोर लावायची रीत अशी. पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध वाटीएवढी एक फिरकी असते. तिला हब म्हणतात. खाली उतरून, वाकून, दोन्ही हब फिरवून बंद करायचे, मग आत येऊन मोठ्या दांड्याशेजारचा छोटा दांडा पुढे टाकायचा. झालं फोर व्हील. चारही चाकं एका जिवाने ओढू लागतात. चिखल संपला आणि डांबर लागलं की हेच उलट करायचं. ते नाही केलं तर कोरड्या डांबरावर चाकं एकमेकांशी भांडतात आणि गाडीच्या पोटातले गिअरचे दाते तुटतात.

मला हे सगळं बाबांनी शिकवलं. एका भाद्रपदात, पांधणीत, जिथे पाहायला तुरीशिवाय कोणी नव्हतं.

"क्लच हळू सोड," ते म्हणाले. "पावडी सोडते तशी. झटका दिला का सूत तुटते."

"अन् रुतली तं?"

"रुतली तं घाई करू नोको. चाक फिरलं म्हंजे गाडी चालली असं नाही वं."

माझे पाय मागावर कधी बसलेच नव्हते, म्हणून ती सवय मोडायचं कामही पडलं नाही. पहिल्याच दिवशी मी नाल्यातून जीप काढली. पुढच्या काचेवर चिखलाचे सडे, खिडकीतून आत येणारा ओल्या तुरीचा वास, मागे सुताच्या गठ्ठ्यांचं कोरं करकरीत नाकाला झोंबणारं अंग, आणि इंजिनाचा तो खालच्या पट्टीतला आवाज. बाबा बाजूला हात मांडीवर ठेवून बसले होते. त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. मी तेवढी सुखी पुन्हा झाले नाही. पुढे लग्न झालं, मुलं झाली, तरीही नाही. हे वाईट दिसतं म्हणून मी आजवर बोलले नव्हते.

मग तो रिवाजच झाला. पांधण लागली की जीप माझी. माघात भिवापूरकडे वावरांत मिरच्या वाळत घातलेल्या असायच्या, त्यांच्या खकाण्याने शिंका देत मी चालवायची. चैत्रात मोहाचा वास. गावात शिरताना माग वाजत असायचे, आपल्या गल्लीतून गेलेला आवाज इथे सापडायचा. एक म्हातारी विणकरीण दारात येऊन उभी राहायची. "बाप्पा, डायवरीन बाई आली," म्हणायची आणि ओच्यातली बोरं माझ्या हातावर ठेवायची. बाबा तेव्हा किती फुगायचे. "चिखलात इच्यासारखा हात कोनाचा नाही," असं ते गावभर सांगायचे.

गावभर म्हणजे त्या गावात. आमच्या गल्लीत नाही.

परतताना डांबर दिसू लागलं की बाबा म्हणायचे, "थांबव." मी थांबवायची. छोटा दांडा ओढून पाहायची, तो अडकलेला असायचा. आमच्या जीपचा नेहमीच अडकायचा. "हब मोकळे केल्याबिगर नाही निघत तो," बाबा म्हणायचे. "उतर. हब पाह्य."

"संजूले सांगा ना."

"संजूले जमत नाही. तुलेच जमते ते."

आणि मी, हरभऱ्याच्या झाडावर चढलेली, उतरायची. गुडघ्याएवढ्या गाळात उभं राहून, चिखलाने भरलेली फिरकी नखांनी साफ करून फिरवायची. आधी एका बाजूचा हब, मग वळसा घालून दुसऱ्या बाजूचा. तोवर बाबांनी आतून छोटा दांडा काढलेला असायचा. मी दाराशी यायची तेव्हा माझ्या जागेवर संजू बसलेला असायचा. संजू नसला तर बाबा.

"तुये हात भरले," बाबा म्हणायचे. "स्टिअरिंग घसरन. मांग बस."

मागे, लुगड्यांच्या गठ्ठ्यांत, मी बसायची. पिशवीतल्या फडक्याला हात पुसायची आणि फाटलेल्या कॅनव्हासमधून पळस मागे जाताना पाहायची. इतवारीत जीप शिरायची तेव्हा हातगाड्यांच्या गर्दीतून ती काढणाऱ्या संजूला व्यापारी म्हणायचे, वा, पोरगा तयार झाला. चाकांवरचा चिखल त्यांना दिसायचा. तो कोणी तुडवला हे कोण विचारतंय?

मी लहान होते तेव्हाची एक आठवण आहे, ती इथेच सांगून टाकते. तेव्हा मला चालवता येत नव्हतं, संजू तर गाठोड्यासारखा आईच्या मांडीवर असायचा. बाबाच चालवायचे. डांबराच्या अगदी काठावर आले की ते जीप थांबवायचे आणि हातभर मागे घ्यायचे. मग निघायचे. मी विचारलं, "बाबा, मांग काहून घेतली?"

"रस्त्याले पाया पडून राहिली ते," बाबा म्हणाले. "चिखलातून सहीसलामत आली ना."

मला हे इतकं आवडलं की पुढे प्रत्येक वेळी जीप मागे सरली की मीही हात जोडायची. मोठी झाल्यावर, चालवू लागल्यावर, एकदा डांबरापाशी मी स्वतः रिव्हर्स टाकायला गेले, पाया पडायला म्हणून. बाबांनी माझ्या हातावर हात ठेवला. "राहू दे," ते म्हणाले. "मांग नाला हाये. तू उतर." नाला खूप मागे राहिला होता. पण बाबांना माझी काळजी आहे, असं मला वाटलं.

संजूचं लायसन्स निघालं. माझं काढायचा विषय मी एकदा काढला तर आई म्हणाली, "तुले कोठी चालवाची हाये?" मला पाहायला हिंगण्याकडची मंडळी आली तेव्हा बाबांनी माझे गुण सांगितले. स्वयंपाक, शिवण, मोठ्यांची मर्यादा. जीप बाहेर उभी होती, तिच्या टायरांना अजून माझ्या हातचा चिखल होता. पाहुण्यांनी विचारलं, गाडी कोण चालवतं? "पोरगा," बाबा म्हणाले. माझी पाठवणी त्याच जीपमधून झाली. झेंडूच्या माळा, संजू स्टिअरिंगवर, मी मागे. सबंध रस्ता डांबरी होता.

नवरा भला माणूस. कारखान्यात होता, कंपनीच्या बसने जायचा आणि यायचा. मी त्याच्या स्कूटरच्या मागे बसले, मग मुलाच्या मोटरसायकलच्या मागे. मागे बसण्याचा माझ्याएवढा सराव या शहरात कोणाला नसेल.

शेवटच्या दुखण्यात बाबा खाटेवर असताना मी भेटायला गेले की ते मला जीप सुरू करायला लावायचे. खिडकीतून आवाज ऐकत पडायचे. "संजूच्या हातानं खोकते ते," म्हणायचे. "तुझ्या हातानं बोलते." मी भरून पावायची. असं बोलून दाखवायला त्यांना गादीवर पडावं लागलं, एवढी एक खंत होती, पण ती मी गिळली होती. बाप म्हणून त्यांनी मला दिलं ते कोणत्या बापाने आपल्या पोरीला दिलं, असं मी कालपरवापर्यंत सगळ्यांना सांगत होते.

तर शेडमध्ये जीप. टायरांत हवा भरलेली होती, टोचनवाल्याने आपली बॅटरी आणून लावली होती. हॉटेलवाला तरुण पोरगा, हातात फोन घेऊन चिखलाच्या अलीकडे उभा. संजूने डिझेलची कॅन आणली होती आणि तशीच टाकीत ओतायला निघाला होता.

"थांब," मी म्हटलं आणि पिशवीतून फडकं काढलं. लाल काठ आता विटकरी झाला आहे. नरसाळ्यावर फडकं धरलं, संजूने ओतलं, मी धार पाहत राहिले. संपल्यावर फडकं उजेडात धरलं. चांगला कचरा अडकला होता. दाखवायला कोणी नव्हतं.

फेरी मारली. वाकून खाली पाहिलं, गुडघे करकरले. बॉनेटवर थाप मारली तर खरंच एक उंदीर पळाला. बॉनेट उघडून डिझेलच्या नळीवरचा छोटा हातपंप मारला, डिझेल इंजिनापर्यंत आणलं. दोन्ही हब जोर लावून बंद केले. मग पिंपातल्या पाण्याने हात स्वच्छ धुतले आणि आत बसले. मोठा दांडा हलवून पाहिला, क्लच खाली, किल्ली अर्धी. लाल दिवा लागला. मी धीर धरला. एक हॉर्न. आणि किल्ली.

ती बोलली. खोकली, धूर सोडला, आणि बोलली.

"पाह्य, लागली," संजू बाजूच्या सीटवर चढत म्हणाला. "मी दोन दिवसापासून मरून राहिलो."

छोटा दांडा पुढे टाकला आणि आम्ही निघालो. लेआउटवाल्याने रोवलेले प्लॉटचे चुनखडीचे दगड दोन्ही अंगांना, मधे तीच काळी माती. तिने मला ओळखलं. क्लच हळू सोडला, घाई केली नाही, आणि जीप आपला आवाज न बदलता चिखल कापत गेली. हॉटेलवाला काठाकाठाने चालत आमचं चित्रीकरण करत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी पुसलं नाही, कारण हात मोकळे नव्हते.

डांबराचा काठ आला. पलीकडे टोचनची गाडी, मागची फळी रस्त्यावर टेकवून. मी थांबवलं. छोटा दांडा ओढला. अडकलेला.

"हब मोकळे करा लागन," मी म्हटलं. "आता मले पुन्हा वाकणं होत नाही. तू उतर."

संजू उतरला. बाबांच्या जीपमधून हबासाठी तो पहिल्यांदाच उतरत होता. बराच वेळ खाली वाकून धडपडला आणि मग वर तोंड करून म्हणाला, "ताई, हा तं फिरतच नाही. बंद झाला तसा जाम झाला." टोचनवाला पाना आणायला गेला. मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. समोर डांबर, पाठीमागे चिखल, आणि मनात आलं, ही हिची शेवटचीच वेळ. बाबा असते तर रस्त्याला पाया पडले असते.

म्हणून, त्यांच्यासाठी म्हणून, मी संजूला बाजूला व्हायला सांगितलं, मागे पाहिलं, रिव्हर्स टाकला आणि जीप हातभर मागे घेतली.

जीपच्या पोटात कुठेतरी जाड आवाज झाला. सवयीने माझा हात छोट्या दांड्यावर गेला. तो आपसूक मागे आला. ओढावाही लागला नाही.

दोन्ही हब बंदच होते. मी उतरले नव्हते. चिखलातून येताना चाकांनी आत जो पीळ घातलेला असतो तो हातभर मागे सरलं की सुटतो, एवढंच. दांडा निघाला की पुढच्या चाकांचा जोर तुटतोच, बाकी हब काय, घरी जाऊन निवांत मोकळे केले असते तरी चाललं असतं. बाबांना हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ते स्वतः तसंच करत होते आणि मी मागे बसून हात जोडत होते.

"निघाला?" संजू म्हणाला. "हब तं तसेच हायेत. मंग आपण काहून उतरत होतो?"

"आपण?" मी म्हटलं.

बाबा नाही म्हणाले असते तर मी भांडले असते. गल्ली काय म्हणेल, लग्न कसं जमेल, काहीही म्हणाले असते तरी मी भांडले असते, रडले असते, कदाचित हरलेही असते. पण त्यांनी मला नाही म्हटलंच नाही. त्यांनी मला हब सांगितला. माझं कौतुक करून, माझ्याच हाताने, मला माझ्या जागेवरून उठवलं, आणि मी चिखलात उभी राहून मान ताठ ठेवली. त्या एका दिवशी माझ्या हातावर ठेवलेला हात मला आता जाणवत होता. तो काळजीचा नव्हता. एवढा हुशार माणूस, कापडातून कचरा जाऊ देणार नाही म्हणणारा.

मी क्लच सोडला आणि डांबरावर चढले. चिखल चाकांतून सुटून रस्त्यावर पडत गेला, मग आवाज स्वच्छ झाला. डांबरावर ती कशी गुणगुणते ते मी नेहमी मागून ऐकलं होतं. पुढे बसून तो आवाज वेगळा येतो, पायांतून येतो. काठापासून त्या फळीपर्यंत एक लुगडं पसरलं तर पुरेल एवढं अंतर असेल. तेवढा माझा रस्ता.

फळीवर चढवून हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. किल्ली हॉटेलवाल्यापुढे धरली तर तो म्हणाला, "ठेवा तुमच्याजोळ मॅडम, आम्हाले कामाची नाही."

संजूने माझ्या बाजूला येऊन हात पुढे केला. "उतर, ताई," म्हणाला. मी उतरले. टोचनवाला साखळ्या आवळू लागला.

"काही म्हण," संजू म्हणाला, "बाबांनी तुले सगळंच शिकवलं होतं."

"हो. एक सोडून."

"कोनतं?"

मी पिशवीतून फडकं काढलं आणि हात पुसू लागले. हात स्वच्छच होते.